श्रीखंडाच्या डब्यातले शब्द

शुक्रवार, १४ जून २०२४

आजपासून सुरू. लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मलाच शब्द फिरवता येणार नाही.

योजना अशी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या. दर शुक्रवारी सकाळच्या चहानंतर एक काढायची, त्यावरचा शब्द आठवडाभर डोक्यात घोळवायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत त्याचं चित्र करायचं. कल्पना काही माझी नाही. अमेरिकेत २००३ साली 'इलस्ट्रेशन फ्रायडे' सुरू झालं, दर शुक्रवारी एक शब्द यायचा आणि कुठले कुठले चित्रकार त्यावर चित्र काढायचे. २००९ पासून 'इंकटोबर', म्हणजे ऑक्टोबरचे ३१ दिवस रोज एक शाईचं चित्र. दोन्ही करून पाहिलंय, दोन्ही मधेच सोडलंय. इंकटोबरात माझी मजल नवव्या दिवसापर्यंत. शब्द इंग्रजी असायचे. आधी तो मराठीत ओढून आणायचा, मग त्याला काही सुचतंय का बघायचं, तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या.

म्हणून यंदा शब्द घरचे. आई, लेक, खालच्या मजल्यावरच्या काकू, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले भाऊ, सोसायटीचे वॉचमन मामा, श्रीरामपूरची मैत्रीण, अशा सगळ्यांकडून चिठ्ठ्या जमवल्या. नवरा म्हणाला, "देतो नंतर."

नियम दोनच. चिठ्ठीच्या मागे देणाऱ्याने आपली खूण केलीय, ती चित्र पुरं होईपर्यंत बघायची नाही. आणि चित्र पोस्टकार्डावर काढून ते ज्याचं त्याला पोस्टाने पाठवायचं, मग तो याच बिल्डिंगमध्ये राहत का असेना. पोस्टातून २५ कार्डं आणली, साडेबारा रुपये झाले. काऊंटरवरच्या ताईंनी विचारलं, "लकी ड्रॉ आहे का कसला?" मी हो म्हटलं. तसं ते खोटंही नाही.

गुरुवार, २० जून

पहिला शब्द निघाला 'पान'. सोपा म्हणून हसले, आणि तिथेच फसले.

पिंपळाचं पान काढलं. लहानपणी पुस्तकात ठेवून त्याची जाळी व्हायची वाट बघायचो, तसलं जाळीचं. शिरा काढायला सगळ्यात बारीक निब लावलं आणि कळलं की पोस्टकार्डाचा कागद शाई पितो. रेघ टेकवली की तिला दोन्ही बाजूंनी केस फुटतात. तीन कार्डं वाया. चौथ्यावर शाई अगदी कमी घेऊन, निब जवळजवळ कोरडं करून ओढलं तेव्हा जमलं. मागची खूण पाहिली तर काकू. कार्ड टाकलं पेटीत.

मंगळवार, २५ जून

काकू कार्ड हातात घेऊन वर आल्या. "पान झकास आहे गं, पण मी जेवणाचं पान म्हणत होते."

मग स्वयंपाकघरातच बसल्या आणि लाइटबिलाच्या पाठीमागे माझ्याकडून पान वाढून घेतलं. मीठ वरती, मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वर तूप. केळीचं पान असेल तर टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. "का?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "का म्हणजे? उलटं मांडलं तर उलटं दिसत नाही का!" आणि मग, जरा थांबून, "डावीकडचं चाखायचं, उजवीकडचं खायचं. म्हणून डावीकडे थोडं थोडं वाढायचं."

जे. जे. मध्ये नसले तरी कॉलेजात पाच वर्षं मांडणी शिकले. एवढ्याशा चिमूटभर पांढऱ्यावर अख्खं चित्र टांगलेलं असतं हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं. मीठ काढून बघितलं, म्हणजे कागदावर अंगठ्याने झाकलं, तर खरंच सगळं पान खाली घसरल्यासारखं वाटतं. पोळीची जागा काकूंनी मुद्दाम रिकामी ठेवायला लावली. "पोळी गरम येते. आधी नाही वाढायची."

लाइटबिल फ्रिजवर लावलंय. भरायचं राहिलंय.

गुरुवार, २७ जून

मागच्या शुक्रवारी, २१ तारखेला, वटपौर्णिमा होती आणि डब्यातून शब्द निघाला 'सूत'. डब्याला पंचांग कळतं.

अर्थात वड. नारायण पेठेतून नदीच्या बाजूला जाताना एक आहे, त्याला दुपारपर्यंत इतकं सूत गुंडाळलं होतं की खोड पांढरं दिसत होतं. चार दिवस जाता-येता उभी राहून पाहिलं. एक गंमत सापडली: पारंब्या आणि सूत यांची रेघ मी एकाच जाडीची काढली तर कुठलं झाडाचं आणि कुठलं बायकांचं हे कळेनासं होतं. तेच काढलं. खूश होते मी. एवढं नेमकं काही महिनोन्महिने काढलं नव्हतं.

मागची खूण आईची निघाली. आमच्याच घरात, पलीकडच्या खोलीत राहते, तरी नियम तो नियम. कार्ड पोस्टाने गेलं.

रविवार, ३० जून

आईचं कार्ड काल आलं. पोस्टमनदादा तीन मजले चढून आले, वाचून झालेलं होतंच त्यांचं. "घरातल्या घरात?" म्हणाले. आईने चष्मा लावून कार्ड लांब धरून पाहिलं, म्हणाली, "छान आहे." आणि कपाटात ठेवलं. फ्रिजवर लावलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आज दोन्ही पालख्या पुण्यात. या आठवड्याचा शब्द 'माळ' असल्यामुळे निघालेच. तुळशीच्या माळा हजारो गळ्यांत, दुसरं काय काढणार? माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मी भवानी पेठेत गेले. लाकडाच्या वखारींच्या त्या गल्लीवरून गेले, जिथे बाबांचा कारखाना होता. आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. वर पत्रा मात्र तोच.

एका वारकरी आजोबांचं चित्र काढायला घेतलं. गळ्यातली माळ, खांद्यावर पताका, पायात कुणीतरी दिलेले नवे कोरे बूट. ते बूट बघून वाकून काढत होते आणि पाऊस आला. शाई वॉटरप्रूफ न्यायची तर साधं फाउंटन पेन नेलेलं. दोन मिनिटांत आजोबा निळं तळं झाले. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "असू दे माउली, भिजायलाच निघालोय."

गुरुवार, ४ जुलै

तळ्यावरूनच नवीन काढलं. माळेचे मणी एकेक सुटून पावसाचे थेंब होतात, अशी काहीतरी कल्पना. जरा गोडगोड झाली, पण चालेल म्हणून पुरं केलं. मागे पाहिलं तर वॉचमन मामा.

मामा माण तालुक्यातले. कार्ड घेतलं, उलटंपालटं केलं. "ताई, गळ्यातली काढलीत व्हय. मी आमच्याकडचा माळ म्हणत हुतो."

"माळरान?"

"हां. उघडा."

"त्यात काय काय असतं मामा?"

"काय नसतंय. तेच काढा की."

शनिवार, ६ जुलै

दोन दिवस 'काय नसतंय' काढतेय. कार्डावर एक आडवी रेघ. खाली घातली तर आकाश जास्त, वर घातली तर शेत वाटतं, मध्ये घातली तर वहीचा कागद. शेवटी खालच्या कडेपासून बोटभर अंतरावर, आणि सरळ नाही, किंचित उतरती. डाव्या टोकाला बाभळीचं एक झुडूप, नखाएवढं. झुडूप घातल्यावर मग ते उघडं वाटायला लागलं, त्याआधी ते फक्त रिकामं होतं.

मामांच्या केबिनमध्ये आता ते कार्ड येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरच्या वर चिकटवलेलं आहे. कुरिअरवाले विचारतात हे काय म्हणून. मामा म्हणतात, "गाव."

शुक्रवार, १२ जुलै

मागच्या शुक्रवारी शब्द निघाला होता 'नंतर'. खूण बघायची गरजच नव्हती. अखेर चिठ्ठी टाकली म्हणायची नवऱ्याने.

चित्र काढलं नाही. शब्दाला जागले.

शुक्रवार, १९ जुलै

मधला एक आठवडा बुडाला, दिवाळी अंकांची कामं यायला लागली. या कामांचं गणित बाहेरच्यांना विचित्र वाटतं: बाहेर छत्र्या वाळत घातलेल्या आणि टेबलावर आकाशकंदील. १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी चित्रकारांची दिवाळी बहुधा आषाढातच सुरू होत असणार.

आजचा शब्द 'पाट'. बसायचा. चार कोपऱ्यांना पितळी फुलं, समोर रांगोळी. अर्ध्या तासात होईल.

शुक्रवार, २६ जुलै

अर्ध्या तासातच झालं होतं आणि तसंच दिसत होतं. बुधवारी पुरं केलं, खूण पाहिली, श्रीरामपूरच्या मैत्रिणीची. कार्डाचा फोटोही पाठवला. तिचा आवाज लगेच: "पाट गं, पाट! ज्यात आम्ही पोहायला शिकलो तो! बसायचा पाट काय काढतेस!" भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून त्यांच्याकडे येतं, त्याला ते पाट म्हणतात. पाटाला पाणी सुटलं की शाळा सुटल्यासारखं असायचं म्हणे.

मग काल गुरुवार उजाडला. रात्रभर पाऊस, शाळांना सुटी, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं. भिडे पूल पाण्याखाली गेला. तो दरवर्षीच जातो, पुणेकर त्याच्यावरून पावसाळा मोजतात. पण सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं, माणसं होडीतून काढावी लागली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, कोरडे, आणि त्याची लाज वाटत मोबाइलवर बघत बसलेले.

काकू वर आल्या होत्या. एकट्या राहतात, पाऊस फार झाला की येतात. नदीकडे तोंड करून खिडकीत उभ्या राहिल्या आणि मी न विचारता सांगायला लागल्या. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि पाणी पेठांत आलं. त्या सात वर्षांच्या. वाडा इथूनच दोन गल्ल्या पलीकडे.

"चौकात पाणी आलं ना, तेव्हा आधी चपला तरंगल्या. मग घंगाळ. जिन्याखाली लग्नकार्याचे पाट रचून ठेवलेले असायचे, पंचवीस-तीस. ते सुटले. एकामागून एक दिंडीदरवाज्याकडे निघाले, पंगतीला निघाल्यासारखे. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं, मी मोजत होते. नऊपर्यंत मोजले."

"परत मिळाले?"

"दोन. आमचे नव्हते."

रात्री कार्ड काढलं. पाण्याच्या रेघा आणि पाट, बस. पाटांवर माणसं नाहीत, रांगोळी नाही. नऊच काढले. पितळी फुलंही काढली नाहीत, कारण त्यांच्या पाटांना नव्हती, मी विचारून घेतलं. हे कार्ड कुणाला पाठवायचं हा प्रश्न पडला. शब्द मैत्रिणीचा, पाट काकूंचे. श्रीरामपूरला पाठवलं. तिच्या शब्दात तिला हवं ते पाणी आहे आणि तिने न सांगितलेलं लाकूडही.

सोमवार, २९ जुलै

आज व्यंगचित्रकार शि. द. फडणीस ९९ वर्षांचे झाले, शंभरीत पाऊल. १९२५ चा जन्म, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा.

सकाळपासून त्यांचं ते बसस्टॉपचं चित्र डोक्यात आहे: तरुणीच्या साडीवर मांजरं, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदीर. एक अक्षर नाही. सत्तरच्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती, म्हणजे गणितं सोडवताना पोरं हसली असणार. हे सगळं शब्दाशिवाय. आणि मी इकडे डब्यातून शब्द उचलते आणि दर आठवड्याला चुकीचा अर्थ धरून बसते.

पण चुकतंय कुठे ते जरासं दिसायला लागलंय. शब्द सांगणारा माणूस एकाच वेळी दोन-तीन अर्थ तोंडात धरून असतो, त्याला त्रास होत नाही. 'पाट' म्हणताना लाकूड आणि पाणी दोन्ही येऊ शकतात. निब टेकवलं की मात्र एकच काहीतरी काढावं लागतं, दुसरं सोडावं लागतं. त्या मांजर-उंदरांच्या चित्रात तसं सोडावं लागलेलं नाही. ती नक्षीही आहे आणि गोष्टही आहे. हे कसं करायचं ते कळलं असतं तर मी आज लाइटबिल वेळेवर भरलं असतं.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

'हार' आला होता. झेंडूचा काढला, अर्थातच, मध्ये आंब्याची पानं. खूण लेकीची.

ती म्हणाली, "आई, मी चिठ्ठी लिहिली त्या दिवशी आम्ही खो-खोची मॅच हरलो होतो." आणि दप्तर भरायला गेली. मला त्या मॅचचं तेव्हा सांगितलंही असेल. मी बहुतेक कोरडं निब पुसत "हं, हं" म्हणत असेन.

रविवार, १८ ऑगस्ट

लेकीची एलिमेंटरी यंदा. तिच्याबरोबर स्मरणचित्राचा सराव करतेय आणि हसू येतंय. आम्ही सगळे या आठवड्याच्या शब्दांच्या खेळात लहानपणापासूनच आहोत की! 'बसस्टॉपवरील दृश्य', 'भाजीबाजार', 'पतंग उडवणारी मुले'. आमच्या बाई सांगायच्या, माणसं तीन तरी हवीत, त्यातलं एक पाठमोरं, आणि मागे झाड. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी तेच झाड काढलंय. खोड तपकिरी, वर हिरवा ढग.

आज तिला म्हटलं, तुझी हरलेली मॅच काढ. विषय नसला तरी काढ. तिने काढली. दोन खांब, आठ मुली बसलेल्या, एकीआड एक पाठमोऱ्या, शेजारणीच्या उलट तोंडं केलेल्या. खो-खोत बसतातच तशा. झाड नाही. पळणारी मुलगी कागदाच्या कडेबाहेर गेलेली, तिचा फक्त एक पाय आत.

मी काही दुरुस्त केलं नाही. पेन्सिल हातात घेऊन परत ठेवली.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

चित्रं शून्य. दिवाळी अंकांची रेखाटनं अकरा. एका संपादकांचा निरोप: "कथा गंभीर आहे, पण चित्र जरा आनंदी हवं, दिवाळी आहे." कथेत शेवटी नायकाची म्हैस मरते. आनंदी म्हैस काढून पाठवली, पसंत पडली. त्यांच्याकडे गेल्या वर्षीचं मानधन अजून यायचंय. विचारलं की "हिशेब चालू आहेत" म्हणतात. असतील. हिशेबही कुणाचे तरी स्मरणचित्र असतात.

रविवार, ८ सप्टेंबर

काल गणपती बसले. शुक्रवारी, हरतालिकेला, डब्यातून निघालं 'घडी'.

या वेळी शहाणी झाले होते. चित्र काढायच्या आधी अर्थ लिहून काढले. क्षण, ती घडी. कपड्याची घडी. संसाराची घडी बसते ती. आणि नव्या साडीची घडी मोडतात ती, ज्यात मोडण्याचा इतका आनंद असतो की दुसऱ्या कुठल्या मोडण्यात नसेल. खूण न बघताही ओळखलं: इस्त्रीवाले भाऊ. मग घरी बसून काढण्यापेक्षा त्यांच्या टपरीशी जाऊन उभी राहिले. मंगळवारी गौरी येणार, त्यामुळे साड्यांचा नुसता ढीग.

भाऊ साडी उघडतात तेव्हा आधी काठाला काठ लावतात. मधला भाग तोवर मोकळा, फुगलेला. मग डाव्या तळव्याने दाबत आणतात, मागून इस्त्री. कोळशाची आहे, खालून ठिणगी पडू नये म्हणून दर वेळी ती टेबलाबाहेर नेऊन हलकेच झटकतात. पदर शेवटी वरती राहील असा दुमडतात, कारण गिऱ्हाईक पदर ओळखतं, साडी ओळखत नाही. शेवटच्या दुमडीआधी एक छोटी गोष्ट करतात: बोटाने कडेवरून एक रेघ ओढतात, इस्त्री न लावता. "हितं इस्त्री फिरवली तर घडीची खूण राहते, नेसल्यावर दिसते. हितं बोट."

तेवढंच काढलं. साडी नाहीच. कडेवरचं एक बोट, त्याच्या नखाशी काळा पडलेला कोळसा. कार्ड टपरीतच दिलं, पोस्टाचा नियम मोडला, कारण भाऊंना पत्ता विचारला तर म्हणाले, "कोपरा लिहा."

रविवार, २२ सप्टेंबर

लेकीला भूमितीच्या पेपरसाठी पट्टी हवी होती. प्लास्टिकची पट्टी तिच्या दप्तरात नेहमीप्रमाणे मधोमध मोडलेली. आई म्हणाली, "थांब," आणि कपाटातून बाबांची काढून दिली. चार तुकड्यांची, घडीची, पितळी बिजागऱ्यांची. पूर्ण उघडली की दोन फूट. आकडे एका बाजूने पुसलेले, जिथे अंगठा यायचा तिथे. तिच्याखाली कपाटात माझं वडाचं कार्ड होतं. बरोबर तिच्याखालीच.

लेकीने पट्टी बघितली आणि विचारलं, "आजी, यात मिलिमीटर कुठेत?"

"मिलिमीटर नाहीत. सूत आहेत. एका इंचाला आठ सूत."

मी दुधाखाली गॅस बारीक करत होते.

"तुझे आजोबा दाराला माप घ्यायचे ना, तेव्हा बोलायचे नुसते. सव्वाअडतीस, दोन सूत सोड. मी लिहून घ्यायचे. कारखान्यात तेव्हा मीच लिहायला असायचे. लाकूड पावसात फुगतं, म्हणून दोन सूत सोडायचं. थंडीत दार सैल वाटतं, लोक तक्रार करतात. पावसाळ्यात परत आभार मानायला येतात."

दूध उतू गेलं.

मी जूनमध्ये काय काढलं होतं ते मला आठवत होतं, आईला तर होतंच. सात जन्म हाच नवरा मिळू दे म्हणून झाडाला गुंडाळलेलं सूत. तिने 'छान आहे' म्हटलं होतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

काल मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. काल नवरात्रही बसलं. काकूंनी पेढे आणले, दोन्हीचे मिळून एकच. मामांनी विचारलं, "म्हंजे आता काय बदलनार?" मी म्हटलं, बघू. डब्यात अजून सहा चिठ्ठ्या आहेत. आज काढली नाही.

'सूत' परत करायचंय. दहा दिवस झाले, रोज पट्टी समोर ठेवून बघते आणि उठते. झाड-बीड काही नाही. पट्टी आहे तशी, तेवढीच, कार्डावर मावेल इतका तिचा तुकडा. चौदा सेंटिमीटरमध्ये साडेपाच इंच बसतात. प्रत्येक इंचात आठ घरं. अंगठ्याने पुसलेला भाग पुसलेलाच ठेवायचा. तिथे रेघा काढायच्या नाहीत, पण तिथे रेघा होत्या हे दिसायला हवं. हे एक काम मला अजून जमत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

जमलं. पुसलेल्या भागात निब न लावता बोरूच्या कोरड्या टोकाने नुसते ओरखडे दिले, शाईशिवाय. कार्ड तिरकं धरलं तरच दिसतात. दाराची फट म्हणून उजव्या कडेला कागद दोन सूत कोरा सोडला.

या वेळी पोस्टाचा धीर नव्हता. आई भाजी निवडत होती, तिच्यासमोर ठेवलं. तिने मेथीचे हात पदराला पुसले, चष्मा लावला, कार्ड तिरकं केलं. बराच वेळ तिरकंच धरून होती. मग बाबांची पट्टी मागितली, कार्डावर ठेवली, आणि नखाने एकेक घर मोजत गेली. पहिला इंच. दुसरा. तिसऱ्यावर थांबली, परत मोजलं.

"इथे नऊ झालेत."

मी वाकून पाहिलं. नऊ झाले होते.

"नऊ सुतांचा इंच तुझ्या बाबांनी आख्ख्या कारखान्यात कुणाला चालू दिला नसता," आई म्हणाली, आणि कार्ड माझ्याकडे सरकवून मेथी निवडायला लागली. "शाई खोडता येत नाही ना?"

नाही येत. पुडक्यात चार कार्डं उरलीत.